जिन्याच्या तोंडावरची भिंत

घर दुरुस्तीला काढणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात. काही मोबाईलवर घर बघतात आणि काही घरात उभी राहून मोबाईल बघतात. दोघांनाही सांभाळायचं म्हणजे डोक्याला ताप, आणि माझं डोकं मुळातच तापट. बेंगळुरूत जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी हेच काम करतो. आम्ही घराची मापं घेतो, त्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करतो आणि मालकाला लिंक पाठवतो. मालक फोनवर बोट फिरवत आपल्याच घरात हिंडतो, ही भिंत पाडा, ती खिडकी मोठी करा असं लिहून ठेवतो. शनिवारी सकाळी मी प्रत्यक्ष जागेवर जातो. जावंच लागतं, कारण मॉडेलमधल्या सगळ्या भिंती सरळ असतात.

बनशंकरीतलं ते घर आमच्याकडे आलं ते एका गळक्या न्हाणीघरामुळे. खालचा मजला सत्यवती अक्कांचा, वरचा त्यांच्या धाकट्या भावाचा, वादिराजचा. अक्का शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. वादिराज व्हाइटफील्डला फ्लॅटमध्ये, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. वरचा मजला रिकामाच होता. वरच्या न्हाणीघरातलं पाणी अक्कांच्या देवघराच्या छतातून टपकायला लागलं, तेव्हा दोघांनाही दुरुस्ती करणं भाग पडलं. पाण्याला काय, भांडण कळत नाही.

भांडण होतं हे मला पहिल्याच शनिवारी कळलं. मी विचारलं, "अक्का, वरच्या फरशीचं सरांना तुम्हीच विचारतासा, की मी विचारू?"

अक्का म्हणाल्या, "तुम्हीच विचारा. आम्ही बोलत नाही." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या साधेपणानं.

पुढच्या खेपेला त्यांनी कॉफी देताना सगळं सांगितलं. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून कर्नाटकात. घरात मराठी, पण वाक्य निघतं मराठीत आणि वाटेत कन्नडला भेटूनच पुढे जातं. आई आजारी होती तेव्हा वादिराज कामासाठी परदेशी गेला होता. आई खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत पडून असायची. एका संध्याकाळी तिची तब्येत एकदम खालावली. अक्कांना वाटलं, सकाळी डॉक्टर काय म्हणतात बघू, मग फोन करू, पोरगं उगाच तिकडे घाबरेल. सकाळ व्हायच्या आधीच आई गेली. वादिराज आला तो थेट अग्नी द्यायला. तेरावं झाल्यावर म्हणाला, "तू मला आईला बघू दिलं नाहीस," आणि बाहेरच्या जिन्यानं खाली उतरून निघून गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

"त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही हो," अक्का म्हणाल्या. "पण मीही काय मुद्दाम केलं? तेवढं एकदा ऐकून घेतलं असतं तर पुरे होतं. आता सहा महिन्यांचं बाळ दिसलं तरी मला त्याचंच लहानपण आठवतं. फार आठवण येते त्याची. स्वल्प नाही, फार."

मी निपाणीकडचा. आमच्याकडे माणसं भांडतात ती चारचौघांत, आवाज चढवून, आणि दुसऱ्या दिवशी एकाच ताटलीतली भजी खातात. असलं सभ्य भांडण मला सोसत नाही. पण मी घराचा माणूस नव्हतो, दुरुस्तीचा होतो. कॉफी संपवून मापं घ्यायला उठलो.

त्या घरात दोन जिने होते. एक बाहेरून वर जाणारा, दुसरा अक्कांच्या हॉलमधून. आतल्या जिन्याच्या तोंडाशी, वर, एक दार होतं. त्याची चौकट वाळवीनं खाल्ली होती, म्हणून आम्ही ती काढून टाकली. आता तिथे नवीन दार बसवायचं, की ती जागा कायमची बंद करून दोन मजले दोन घरं करायची, हे ठरायचं होतं. वरचा मजला भाड्यानं द्यायचा तर बंद केलेलं बरं, असं आमच्या ऑफिसचं म्हणणं. मॉडेलमध्ये न ठरलेल्या गोष्टींना आम्ही पिवळा रंग देतो. बाकी घर भराभर पांढरं होत गेलं. जिन्याचं तोंड पिवळंच राहिलं. अक्का म्हणायच्या, त्याला विचारा. वादिराज म्हणायचे, बघू.

आता मॉडेलमधल्या एका सोयीचं सांगायला हवं. आमच्या मॉडेलमध्ये एकाच वेळी दोन माणसं शिरली की एकाला दुसरा दिसतो. माणूस नाही दिसत, नुसता एक रंगीत गोळा आणि वर नाव. बोलता येत नाही, पण कोण कुठल्या खोलीत उभं आहे ते कळतं. आणि भिंत आली की गोळा अडतो, दारातूनच जावं लागतं. मालकांना आपण खरंच घरात चालतोय असं वाटावं म्हणून केलेली ती सोय.

एका संध्याकाळी अक्कांचा फोन आला. "योगीराज, माझ्या फोनात एक हिरवा गोळा आलाय हो. चष्मा सापडेना, वरचं नाव वाचता येत नाही. तुमचा का?"

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. "नाही अक्का. वादिराज सर आहेत."

मग अगदी हळू, जणू तो ऐकेल, असं त्या म्हणाल्या, "तो जिन्यावरून खाली येतोय."

खरंच येत होता. वरच्या हॉलमधून, त्या पिवळ्या तोंडातून, एकेक पायरी खाली. अक्कांच्या हॉलमधून कोपऱ्यातल्या खोलीकडे वळला आणि तिथे थांबला. आईच्या खोलीत. ज्या माणसानं त्या घराच्या उंबऱ्याला इतकी वर्षं पाय लावला नव्हता, तो व्हाइटफील्डला सोफ्यावर बसून तिथे येऊन उभा होता. अक्कांचा केशरी गोळा स्वयंपाकघराच्या दारात होता. तो हलला नाही.

"अक्का, जा की पुढं," मी म्हटलं.

"नको. मी गेले तर तो जाईल."

त्यानंतर हे रोजचंच झालं. दिवेलागणीनंतर अक्का चष्मा लावून फोन घेऊन बसायच्या. हिरवा गोळा रोज यायचाच असं नाही. आला की आईच्या खोलीत उभा राहायचा, कधी मागच्या अंगणात जायचा, आणि निघून जायचा. मला फरशीची मापं तपासायची असायची, पण दोघं आत असले की मी मॉडेल बंद करायचो. आपण त्यांच्यात उभं राहू नये असं वाटायचं. वादिराजनाही केशरी गोळा दिसत असणारच. त्यांनी कधी विचारलं नाही, अक्कांनी कधी सांगितलं नाही. त्या घरात भावाबहिणीची तेवढीच भेट होत होती, आणि ती त्या पिवळ्या तोंडातून होत होती. अक्कांना नवीन फरशी नको होती, छतही एकवेळ गळलं असतं तरी चाललं असतं. त्यांना ती वाट हवी होती.

मग तो शनिवार आला. अक्का बसवनगुडीला मैत्रिणीकडे गेल्या होत्या. मी वर जिन्याच्या तोंडाशी उभा होतो, शेजारी आमचा मंजुनाथ मेस्त्री. मंजुनाथला कन्नडखेरीज भाषा येत नाही आणि काम अडलेलं खपत नाही. "ई बागिलु एन माडोदु? सारन्ना केळी," म्हणजे या दाराचं काय करायचं ते साहेबांना विचारा, असं त्यानं तिसऱ्यांदा म्हटलं. मी वादिराजना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला.

"सर, जिन्याच्या तोंडाचं तेवढं राहिलंय. दार की भिंत? आज काही तरी सांगा. नाहीतर अक्कांशी एकदा बोलून घ्या, दोन मिनिटांचं काम."

वादिराज थोडं हसले. "तिच्याशी कसं बोलू? आमची कट्टी आहे, तुम्हाला माहीत नाही का? कट्टी." मग म्हणाले, "बघू, सांगतो," आणि फोन ठेवला.

मी मंजुनाथला हातानंच 'थांब' अशी खूण केली, निदान मला तरी तसं वाटलं, आणि दुसऱ्या जागेवर पळालो. तिथे एका बाईंना स्वयंपाकघराचा ओटा मॉडेलमध्ये आवडला होता आणि प्रत्यक्षात आवडत नव्हता. दिवस त्यात गेला.

सोमवारी मंजुनाथचे फोटो आले. जिन्याच्या तोंडाशी भिंत. सॉलिड ब्लॉकची, व्यवस्थित रचलेली, सांधे भरलेली. मला वाटलं, अक्कांनी सांगितलं असणार. त्या जागेवर राहतात, मेस्त्रीला रोज भेटतात, कंटाळून म्हणाल्या असतील बंद कर बाबा. वाईट वाटलं, पण आमचा नियम आहे, जागेवर जे असेल ते मॉडेलमध्ये उतरवायचं. मी पिवळा रंग काढला आणि भिंत घातली.

संध्याकाळी मी मुद्दाम पाहत बसलो. हिरवा गोळा आला. वरच्या हॉलमधून जिन्याकडे निघाला आणि भिंतीशी अडला. थोडा डावीकडे सरकला, थोडा उजवीकडे. तसाच उभा राहिला आणि मग नाहीसा झाला. केशरी गोळा त्या दिवशी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी वादिराजचा फोन. आवाज अगदी ऑफिसातला. "बंद केलं ते एका अर्थी बरं झालं. तिची इच्छा असेल तर तसं. वरचा मजला भाड्यानं लावायचं बघा."

"सर, तुम्हीच अक्कांना एकदा..." मी म्हणत होतो तेवढ्यात त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

तेव्हाच मला काही तरी खटकायला हवं होतं. पण त्या आठवड्यात माझ्याकडे पाच घरं होती आणि पाचही घरांतली माणसं माझ्या डोक्यावर बसली होती. शनिवारी बनशंकरीला गेलो तर अक्का हॉलमध्ये बसलेल्या. कॉफी विचारली नाही, हेच आधी लक्षात आलं.

"त्यानं सांगितलं ना भिंत घालायला?" अक्का म्हणाल्या. "घालू दे. त्याचा मजला आहे. पण एकदा मला कळवायचं तरी. मी बसवनगुडीहून आले, दिवा लावला, वर पाहिलं तर वाट बंद. मी फोन उघडतच नाही आता. उघडून काय करू? तो येणार कुठून?"

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"अक्का," मी म्हटलं, "भिंत तुम्ही सांगितली नाहीसा?"

"मी? मी कशाला सांगू!"

माझं डोकं सणकलं. मी तसाच वर गेलो आणि मंजुनाथला धरलं. ही भिंत तुला कुणी सांगितली? मंजुनाथ माझ्याकडे बघतच राहिला. मला वेड लागलंय की काय, असा चेहरा. त्याचं म्हणणं सरळ होतं. साहेबांनीच सांगितलं की. तुमच्याच फोनवर. तुम्ही इथेच तर उभे होता. एकदा नाही, दोनदा म्हणाले, 'कट्टी, कट्टी'. तुम्हीही हात केलात. माल कालवलेला होताच, मी लगेच घातली.

कन्नडमध्ये 'कट्टी' म्हणजे 'बांधा'.

मी तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसलो. आधी हसू आलं, मग अक्कांचे न पुसलेले डोळे आठवले. मी सीमेवरचा माणूस, दोन्ही भाषांत शिव्या देऊ शकतो, आणि माझ्या कानाला ते कळलं नव्हतं. मंजुनाथवर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार काय? साहेबानं आदरानं 'बांधा' म्हटलं, यानं बांधली.

खाली येऊन अक्कांना सांगितलं. त्या आधी नुसत्या ऐकत राहिल्या. मग हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, खुर्चीचा हात धरून हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या.

"काय म्हणाला तो? पुन्हा सांगा."

"आमची कट्टी आहे, म्हणाले."

"कट्टी म्हणाला." अक्कांनी तो शब्द दोनदा उच्चारला. "संबंध तोडले असं नाही म्हणाला?"

"नाही. कट्टी."

"अहो योगीराज, कट्टी पोरं करतात," त्या म्हणाल्या. "करंगळी धरून करतात. ज्याला कायमचं तोडायचं असतं तो असं म्हणेल का?"

मी मंजुनाथला भिंत पाडायला सांगायला उठलो, तर अक्कांनी अडवलं. म्हणाल्या, तुम्ही मला सांगितलंत तसं त्यालाही सांगा. त्याच्या शब्दानं उभी राहिली, तो असताना पाडू दे. मी अंगणात जाऊन वादिराजना फोन लावला. सगळं सांगितलं. माझा गबाळेपणा, मेस्त्रीचं कन्नड, अक्कांनी काहीच सांगितलं नव्हतं ते. आणि राहवलं नाही म्हणून हेही सांगितलं की, सर, अक्का रोज संध्याकाळी त्या हिरव्या गोळ्याची वाट बघायच्या.

वादिराज म्हणाले, "मला वाटलं तिनं मला बाहेर काढलं." आवाज ऑफिसातला नव्हता. "मी येतो. आत्ता निघतो."

व्हाइटफील्डहून बनशंकरी म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यासारखं. अक्कांनी आधी भात टाकला. मग साडी बदलली. मग बदललेली साडी फार ठेवणीतली दिसते म्हणून पुन्हा पहिली नेसल्या. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की खिडकीशी जायच्या आणि आपण गेलोच नव्हतो असं दाखवत परत यायच्या. "वाहतूक असेल," असं मलाच समजावत होत्या. मी आणि मंजुनाथ वर जाऊन बसलो. त्यानं घण हातात घेऊन ठेवला होता. आपल्या चांगल्या भिंतीकडे तो नाराजीनं बघत होता.

वादिराज आले ते बाहेरच्या जिन्यानं. पुढच्या दारानं यायचा धीर झाला नसावा. केस पांढरे, हातात गाडीची किल्ली, कपाळावर घाम. माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. तिच्यावर हात ठेवला. मंजुनाथ पुढे झाला. मीही फोन काढला, आता फोटो घ्यावा म्हणून.

तेवढ्यात वादिराज खाकरले. घसा साफ करायला, इतकंच. पण पलीकडून, आतल्या जिन्याच्या वरच्या पायरीवरून, आवाज आला.

"वादी?"

म्हणजे अक्का केव्हाच्या चढून तिथे येऊन उभ्या होत्या.

वादिराज काही बोलले. मलाही नीट ऐकू आलं नाही, इतकं हळू.

"गट्टी बोल रे, ऐकू येत नाही," अक्का म्हणाल्या.

त्यांच्याकडे 'मोठ्यानं बोल' असं म्हणत नाहीत. कन्नडची सवय, 'गट्टी बोल' म्हणतात. अक्कांना तेवढंच म्हणायचं होतं. पण कट्टीची गट्टी कशी होते हे कुठल्याही मराठी पोराला ठाऊक असतं. वादिराजनी कपाळ भिंतीला टेकवलं.

"गट्टी म्हणालीस, अक्का?"

पलीकडून अक्कांचा आवाज, फुटलेला. "होय रे. गट्टी."

मी मान वळवली. मंजुनाथला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तो घण खाली टेकवून उभा राहिला. वादिराज भिंतीशी बोलत होते. तोंड तिच्या इतकं जवळ की ओठांना सिमेंट लागावं. त्यांनी आधी छताचं विचारलं, गळणं थांबलं का. मग जेवणाचं. आणि मग एका दमात, कुणी थांबवायच्या आत विचारून टाकावं तसं म्हणाले, "अक्का, त्या दिवशी आईनं माझं नाव घेतलं होतं का?"

हे त्यांनी समोर बसून कधीच विचारलं नसतं. इतकी वर्षं बहुतेक हाच प्रश्न घेऊन ते हिंडत होते, आणि उत्तर 'नाही' आलं तर काय, या भीतीनं घराकडे फिरकले नव्हते.

"घेतलं की," अक्का म्हणाल्या. "'वादी जेवला का' विचारत होती. मी म्हटलं जेवला. मग म्हणाली, त्याला उठवू नका, दमून आलाय. तिला वाटत होतं तू वर झोपलायस. म्हणून मी... मला वाटलं, सकाळी करू फोन."

वादिराज रडत होते. आवाज न करता, खांदे हलवत. मंजुनाथला वाटलं, साहेब भिंतीमुळेच रडतायत. त्यानं घण उचलला आणि हळूच विचारलं, "ओडीला, सार?" फोडू का?

वादिराजनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मंजुनाथनं पाय रोवले. तेवढ्यात पलीकडून अक्का घाईघाईनं ओरडल्या, आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत.

"स्वल्प इरी, मंजुनाथ! थांबा, आत्ता फोडू नका. समोर आला की गप्प बसेल तो. बोलू दे अजून."